लाईट गेली तरी रेंडर जात नाही: जुन्या लॅपटॉपवरचं ब्लेंडर

अंबाडीहून बोलतोय. मागे जो घरघर आवाज येतोय तो पंखा नाही, माझा लॅपटॉप आहे. रेंडर चालू आहे. आजचा विषय तोच आहे, त्यामुळे आवाज असू दे.

या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. अकरावीला आहे, वाडा रोडला आतल्या एका गावात राहतो. त्याने आजीकडून एक गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली आणि तिच्या आवाजावर ब्लेंडरमध्ये तीस सेकंदांचं ॲनिमेशन बनवतोय. दोन त्रिकोण, एक गोल, काडीसारखे हातपाय, वारली चित्रात असतात तशी माणसं. रात्री रेंडर लावून झोपतो. तीन रात्री लावला, तिन्ही रात्री लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, त्यामुळे लाईट गेली की मशीन बंद. सकाळी फोल्डरमध्ये एमपी४ फाईल दिसते, साईजपण दिसते, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. आता घरी नव्या लॅपटॉपचं चाललंय. हप्त्यावर, गेमिंगवाला. त्याचा प्रश्न एवढाच होता: "दादा, कुठला घेऊ?"

आत्ता कुठलाच नको. आठ तास लागणारा रेंडर नव्या लॅपटॉपवर दोन तासात होईल, मान्य. पण त्या दोन तासात लाईट गेली तर? बॅटरी चालली तर चांगलंच, पण रेंडरच्या लोडवर बॅटरी फार टिकत नाही. म्हणजे हप्ते चालू राहणार आणि फाईल तशीच फुटणार. मशीन हळू आहे हे खरं, पण रात्रीचं काम वाया जातंय ते मशीन हळू आहे म्हणून नाही. ते वाया जातंय कारण सातशे वीस फ्रेम आपण एकाच फाईलमध्ये कोंबतोय.

हिशोब बघा. तीस सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ७२० फ्रेम. त्याच्या मशीनवर एका फ्रेमला साधारण ४० सेकंद लागतात. ७२० गुणिले ४०, म्हणजे २८,८०० सेकंद. बरोबर आठ तास. अंबाडीत पावसाळ्यात सलग आठ तास लाईट राहील यावर पैज लावायची तर मी लावणार नाही.

आता एमपी४ का फुटते? या फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कुठली फ्रेम फाईलमध्ये कुठे आहे, किती वेळ दाखवायची, वगैरे. ती साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, कारण शेवट झाल्याशिवाय एकूण किती फ्रेम झाल्या ते कळणार कसं? लाईट ६९०व्या फ्रेमला गेली तर ६८९ फ्रेमचा माल आत पडलेला असतो, पण अनुक्रमणिका नसते. प्लेअर उघडतो, बघतो, आणि हात वर करतो.

उपाय जुना आहे. किती जुना, तर दादासाहेब फाळक्यांच्या वेळचा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज एक फ्रेम घेत गेले. पडद्यावर बी उगवताना, वेल वाढताना दिसला. पैसे लावणाऱ्यांना पटवायला ती फिल्म त्यांना उपयोगी पडली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला सरकवून. आता सांगा, फाळक्यांचा रेंडर टाईम किती? एका फ्रेमला एक दिवस. आणि एखादा दिवस बिघडला तर आधीच्या फ्रेम फिल्मवर शाबूत.

तेच आपण करायचं. व्हिडिओ रेंडर करायचा नाही, फोटो रेंडर करायचे. ब्लेंडरमध्ये उजवीकडे आउटपुट प्रॉपर्टीजमध्ये जा, छोट्या प्रिंटरसारखा आयकॉन आहे. फाईल फॉरमॅट पीएनजी करा. आउटपुटसाठी एक रिकामं फोल्डर द्या. त्याच जागी खाली दोन टिकमार्क आहेत, ओव्हरराइट आणि प्लेसहोल्डर्स. ओव्हरराइट काढून टाका. आता कंट्रोल एफ१२ दाबा आणि झोपा.

लाईट गेली? जाऊ दे. सकाळी फाईल उघडा, परत कंट्रोल एफ१२. ओव्हरराइट बंद असल्यामुळे जी फ्रेम फोल्डरमध्ये आधीच आहे ती ब्लेंडर सोडून देतो आणि उरलेल्यांपासून पुढे चालू करतो. आठ तासांचा रेंडर चार रात्रींत दोन-दोन तास करून झाला तरी चालतो.

एक मेख आहे, ती नीट ऐका. लाईट गेली त्या क्षणी जी फ्रेम चालू होती तिची अर्धवट फाईल पडून राहू शकते. प्लेसहोल्डर्सवर टिक असेल तर हमखास, कारण ब्लेंडर त्या फ्रेमच्या नावाची शून्य केबीची फाईल आधी जागा धरायला ठेवतो. दुसऱ्या दिवशी ब्लेंडर म्हणतो, ही फ्रेम आहे की, आणि तिला सोडून पुढे जातो. मग व्हिडिओमध्ये मधेच एक फ्रेम काळी किंवा गायब. म्हणून परत चालू करण्याआधी फोल्डर साईजप्रमाणे लावा, शून्य केबीची किंवा बाकीच्यांपेक्षा फारच छोटी असलेली फाईल डिलीट करा आणि वेळेप्रमाणे सगळ्यात शेवटची फाईल एकदा उघडून बघा. मिनिटभराचं काम आहे. एकाच मशीनवर रेंडर करताय तर प्लेसहोल्डर्सची गरजच नाही. दोन-तीन कॉम्प्युटर एकाच शेअर्ड फोल्डरवर एकत्र काम करतात तेव्हा ते लागतं.

सगळे फोटो झाले की व्हिडिओ एडिटिंगच्या वर्कस्पेसमध्ये ॲड, इमेज सिक्वेन्स, सगळे फोटो सिलेक्ट, आणि आता इथे एमपी४ करा. या टप्प्याला फारच कमी वेळ लागतो, कारण चित्रं तयारच आहेत, फक्त शिवायची आहेत. आणि इथे निम्म्या लोकांचा आवाज गायब होतो. आजी बोलतेय, प्रिव्ह्यूमध्ये ऐकू येतंय, पण फाईलमध्ये शांतता. एनकोडिंगच्या खाली ऑडिओ नावाचा भाग असतो आणि तिथे कोडेक मुळातच 'नो ऑडिओ' असा येतो. तो एएसी करा. हे असं का ठेवलंय, मला आजवर पटलेलं नाही.

आता थांबा. रात्री रेंडर बंद पडला म्हणजे लाईटच गेली असेल असं धरून चालू नका. मी नोकरीत दिवसभर हेच करतो, दोष कुठे आहे ते आधी शोधायचं, मग हात लावायचा. विंडोज रात्री अपडेट घेऊन स्वतः रीस्टार्ट होतं. स्लीपची सेटिंग तीस मिनिटांवर असेल तर कुणी हात लावला नाही म्हणून मशीन झोपतं आणि रेंडर तिथेच थिजतो. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा न मिळाल्याने तापून बंद होतो, हे तर सर्रास. खरं कारण बघायला स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाईप करा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालंय, म्हणजे लाईट नाहीतर गरम होणं. '१०७४' दिसलं तर कुणीतरी, बहुतेक अपडेटने, रीतसर रीस्टार्ट केलंय. अपडेट आठवडाभर पॉज करा, प्लगवर असताना स्लीप 'नेव्हर' करा आणि लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं ठेवा, मधली जाळी मोकळी राहील अशी. दहावीची गाईडं यासाठी उत्तम.

वेळ कमी कसा करायचा? पहिलं, सायकल्स इंजिन वापरताय का बघा. वारली शैलीच्या सपाट चित्राला सायकल्स म्हणजे मच्छर मारायला तोफ. ईव्ही वापरा. मटेरिअल एमिशनचं ठेवलं तर लाईट लावायचीही गरज नाही. ईव्हीला कमी समजू नका. 'फ्लो' नावाची लॅटव्हियाची फिल्म, मांजराची, २०२५ मध्ये तिला ॲनिमेटेड फीचरचं ऑस्कर मिळालं. ती ब्लेंडरमध्ये बनली आणि ईव्हीवर रेंडर झाली. सायकल्सच हवं असेल तर सॅम्पल्सचा आकडा बघा, तो मुळात ४०९६ असतो. ६४ किंवा १२८ वर आणा आणि डीनॉइज चालू करा.

दुसरं, रेझोल्युशन. बघणारे सगळे मोबाईलवर बघणार आहेत. १९२० बाय १०८० ऐवजी १२८० बाय ७२० केलं तर पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन फ्रेमभर ठेवायची जुनी पद्धत आहे, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. फ्रेम रेंजच्या खाली 'स्टेप' आहे, तिथे २ टाका. ७२० च्या जागी ३६० फ्रेम, आठ तासांचे चार. नंतर जोडताना फ्रेम रेट १२ ठेवायचा, नाहीतर आजी सावकाश बोलतेय आणि माणसं दुप्पट वेगाने पळतायत. वारली माणसांना ही थोडी तुटक चाल शोभतेसुद्धा. फक्त कॅमेरा सरकत असेल तर झटके जाणवतात, तिथे हे करू नका.

वारलीवरून आठवलं. बऱ्याच जणांची तक्रार असते की गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरा रंग पांढरा दिसतच नाही, राखाडी, मळका दिसतो. लोक लाईट वाढवत बसतात. लाईटचा काही संबंध नाही. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये अगदी खाली कलर मॅनेजमेंट, त्यात व्ह्यू ट्रान्सफॉर्म. नव्या व्हर्जनमध्ये तिथे 'एजीएक्स' असतं, थोड्या जुन्यात 'फिल्मिक'. ही दोन्ही खऱ्या कॅमेऱ्यासारखा उजेड दाखवायला आहेत, ती भडक उजेड दाबतात. सपाट चित्राला 'स्टँडर्ड' करा. तांदळाच्या पिठाचा पांढरा लगेच परत येतो.

आता मराठी अक्षरं. यावर इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुणी बोलत नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही. माझ्याकडे ४.२ आहे. त्यात टेक्स्ट ऑब्जेक्ट घेऊन 'अंबाडी' टाईप केलं की साधारण बरं दिसतं. माणूस खूश होतो. मग 'भिवंडी' टाईप करतो आणि पहिली वेलांटी 'भ' सोडून 'व'ला जाऊन चिकटते. वाचायला 'भविंडी'. 'क्षण' लिहिलं तर क, पाय मोडल्याची खूण, मग ष. फॉन्ट बदलून काही होत नाही. कारण असं आहे की देवनागरीत आपण अक्षरं ज्या क्रमाने टाईप करतो त्या क्रमाने ती दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी 'भ'च्या नंतर टाईप होते पण त्याच्या आधी काढावी लागते, जोडाक्षराला वेगळा आकार निवडावा लागतो. मोबाईलमध्ये, ब्राउझरमध्ये हे काम गुपचूप होत असतं. ब्लेंडरचा टेक्स्ट ऑब्जेक्ट ते करत नाही, अक्षरं मिळतील तशी एकामागून एक मांडतो. 'अंबाडी'त ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर, म्हणून ते निभावलं.

तर अक्षरं ब्लेंडरमध्ये टाईपच करायची नाहीत. इंकस्केप हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात मराठी नीट उमटतं. फॉन्ट मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे, फुकट. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. लिहून झालं की पाथ मेनूत 'ऑब्जेक्ट टू पाथ'. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकार झाले. ग्रुप सुटा करा आणि मग पाथ, युनियन. हे युनियन विसरू नका. आपली शिरोरेषा एका अक्षरावरून दुसऱ्यावर थोडी चढलेली असते, आणि ब्लेंडरमध्ये हे आकार एकाच कर्व्हमध्ये जोडले की जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे भोकं पडू शकतात. युनियन केलं की अख्खी शिरोरेषा एकसंध होते. एसव्हीजी सेव्ह करा, ब्लेंडरमध्ये फाईल, इंपोर्ट, एसव्हीजी.

आणि मग लोक मेसेज करतात, दादा काहीच आलं नाही. आलंय. ते मुंगीएवढं आलंय. उजवीकडच्या यादीत ते कर्व्ह सिलेक्ट करा, व्ह्यू मेनूतून 'फ्रेम सिलेक्टेड', मग एस दाबून मोठं करा. जाडी हवी तर कर्व्हच्या जॉमेट्रीमध्ये एक्स्ट्रूड.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो.

ब्लेंडर उघडतच नाही, ग्राफिक्स कार्ड सपोर्टेड नाही म्हणतो: ४.० पासून पुढच्या व्हर्जनना ओपनजीएल ४.३ लागतं. जुन्या लॅपटॉपला ३.६ एलटीएस घाला, त्याला ३.३ पुरतं. त्याहून जुनं मशीन असेल तर २.७९. पण नव्यात बनवलेली फाईल जुन्यात नीट उघडेलच असं नाही, म्हणून प्रोजेक्टच्या मधे व्हर्जन बदलू नका.

मित्राकडून पेनड्राईव्हवर फाईल आणली आणि सगळं गुलाबी दिसतंय: टेक्स्चरचे फोटो त्याच्याकडेच राहिले. त्याला फाईल, एक्स्टर्नल डेटा, पॅक रिसोर्सेस करून परत द्यायला सांगा.

काम करतानाच लाईट गेली, सेव्ह केलं नव्हतं: फाईल, रिकव्हर, ऑटो सेव्ह. दर दोन मिनिटांनी एक प्रत तो ठेवत असतो. आणि मूळ फाईलच खराब झाली तर शेजारी त्याच नावाची, शेवटी १ लागलेली एक फाईल असते. ती आधीच्या सेव्हची प्रत आहे. नावातला तो १ काढा, उघडते. लोक ती कचरा समजून डिलीट करतात.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, पण फक्त प्रिव्ह्यूमध्ये: टाईमलाईनच्या प्लेबॅक मेनूत 'सिंक टू ऑडिओ'. मशीन हळू असलं तर तो फ्रेम गाळेल पण आवाजाबरोबर राहील. झालेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून त्याचा चिखल होतो.

ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही, फक्त मोबाईल आहे, त्यांच्यासाठी. फ्लिपाक्लिपमध्ये काम करत असाल तर प्रोजेक्ट ॲपच्या आत राहतात. फोन भरला म्हणून ॲप काढून परत टाकलं किंवा क्लिअर डेटा केलं, की गेलं सगळं. गॅलरीतला व्हिडिओ राहतो, पण त्यातली चित्रं बदलता येत नाहीत. ॲपमधून प्रोजेक्टचा बॅकअप काढा आणि तो ड्राईव्हवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. इथेही तेच, माल एकाच जागी कोंबून ठेवू नका.

मग पैसे कधी खर्च करायचे? चार जीबी रॅम असेल आणि सीन उघडतानाच मशीन गुदमरत असेल तर रॅम वाढवून घ्या. हार्डडिस्क जुनी असेल तर एसएसडी. आणि या मुलासाठी पहिली खरेदी म्हणजे नवी बॅटरी. लाईट गेल्यावर तिच्यावर रात्र निघणार नाही, पण उठून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. हे सगळं मिळूनही नव्या लॅपटॉपच्या दोन-चार हप्त्यांत बसतं. पुढे खरंच याच क्षेत्रात जायचं ठरलं, दिवसाला आठ-आठ तास बसायला लागलास, तर घे की. तेव्हा कुठला घ्यायचा यावर आपण वेगळा भाग करू.

शेवटी, मला मेसेज करताना. "ब्लेंडर चालत नाही" एवढंच लिहिलं तर मी काय सांगणार? भिवंडीत लूम बंद पडला तर कामगार जॉबरला "मशीन चालत नाही" असं सांगत नाही, धागा कुठे तुटतोय ते सांगतो. ब्लेंडरचं व्हर्जन लिहा, विंडोज कुठलं, रॅम किती, काय केल्यावर बिघडलं आणि त्याआधी काय बदललं होतं. स्क्रीनचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो नको, विंडोज, शिफ्ट, एस दाबून स्क्रीनशॉट घ्या. आणि पाठवण्याआधी एकदा हे करून बघा: फाईलची कॉपी करा, त्यातल्या अर्ध्या वस्तू डिलीट करा. दोष राहिला तर उरलेल्या अर्ध्यात आहे, गेला तर डिलीट केलेल्यात. परत अर्धं. हजार वस्तू असल्या तरी दहा वेळात एकीवर पोचता. वायरमन एकेक स्विच पाडून शॉर्ट शोधतो तसंच. दहातले पाच जण इथवर येईपर्यंत स्वतःच उत्तर शोधतात आणि मला नुसतं "झालं दादा" असं पाठवतात.

पुढच्या भागात ग्रीस पेन्सिल, म्हणजे ब्लेंडरमध्येच हाताने चित्रं काढून ॲनिमेशन. माझा रेंडर आत्ता २१४ व्या फ्रेमवर आहे. भेटू.